एका डिशवर दोन उपग्रह: गोव्यात दुसरा एलएनबी तिरका का लागतो

दोन एलएनबींची (डिशसमोरच्या दांड्यावर बसणारे, सिग्नल पकडणारे डबे) पट्टी आडवी बसवली की पहिला उपग्रह चटकन लागतो आणि दुसऱ्यासाठी अख्खी दुपार जाते. चूक हाताची नसते, जागेची असते. गोवा विषुववृत्तापासून जेमतेम 15.5 अंश उत्तरेला आहे. आपल्या कामाचे बरेच उपग्रह आपल्या रेखांशाच्या पूर्वेला आहेत, त्यामुळे त्यांची रांग इथून आडवी दिसत नाही. पूर्वेकडून दक्षिणेकडे ती चढत जाते. डिशवरची पट्टीही तेवढीच कलती हवी.

घरोघरी चालणारी जोडी घेऊ: डीडी फ्री डिशसाठी 93.5 अंश पूर्वेचा जीसॅट 15 आणि टाटा प्लेसाठी 83 अंश पूर्व. गोव्यातून 83 चा उपग्रह 149 अंश दिशेला (उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजून), क्षितिजापासून 69 अंश उंचीवर असतो. 93.5 चा 127 अंश दिशेला, 61 अंश उंचीवर. म्हणजे दोन्ही आग्नेयेच्या अंगाला. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्याकडे नगण्य आहे, पण लोखंडी ग्रिलजवळ धरलेले होकायंत्र हमखास फसवते. चार पावले दूर जाऊन दिशा बघा आणि समोरचे एखादे झाड किंवा खांब खूण म्हणून धरा.

माडांची काळजी वाटते तेवढी नको. 61 अंशांच्या उंचीला 10 मीटरवरचा माड डिशपेक्षा सुमारे 18 मीटर उंच असेल तरच आड येतो. मात्र झावळ्या खोडापासून चांगल्या लांब पसरतात, म्हणून अंतर खोडापासून न मोजता झावळीच्या टोकापासून मोजा.

सामान: 75 ते 90 सेंटीमीटरची ऑफसेट डिश (60 ची चालते, पण पावसात आधी तीच दगा देते), दोन युनिव्हर्सल एलएनबी, कोन बदलता येणारा मल्टिफीड क्लॅम्प (दोन्ही एलएनबी धरणारी पट्टी), आरजी 6 केबल, एफ कनेक्टर, पाणसळ. दोन सेट-टॉप बॉक्स असतील तर प्रत्येक एलएनबीची केबल थेट आपापल्या बॉक्सला न्यावी, स्विचची गरज नाही. एकाच फ्री टू एअर (फक्त मोफत चॅनेल दाखवणाऱ्या) बॉक्सवर दोन्ही उपग्रहांचे मोफत चॅनेल बघायचे असतील तरच डायसेक स्विच (दोन एलएनबी एकाच केबलवर आलटून पालटून जोडणारा) घ्या.

पाइप ओळंब्यात उभा हवा. तो जरा जरी कलला तरी डिशच्या पट्टीवरचे उंचीचे आकडे खोटे ठरतात. चिऱ्याच्या भिंतीत साधे प्लास्टिकचे प्लग ठोकू नका, चिरा भुसभुशीत असतो आणि वाऱ्याने डिश हलली की भोक मोठे होत जाते. स्लॅब किंवा काँक्रीटचा कठडा मिळाला तर उत्तम. नाहीतर भिंतीच्या आरपार बोल्ट घालून आतून लोखंडी पट्टी द्या. कौलांवर तर डिश बसवूच नका. किनाऱ्याजवळ नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच घ्या, खाऱ्या हवेत साधे बोल्ट असे गंजतात की पुढे डिश फिरवायची झाली तर कापावे लागतात.

आता मुख्य भाग. मधल्या जागी 83 चा एलएनबी ठेवा. त्याचा उपग्रह आकाशात वर आहे, म्हणून दुसऱ्याचा एलएनबी डिशच्या दांड्यापासून सुटा राहतो. डिश आरशासारखी उलटे दाखवते: 93.5 चा उपग्रह खाली आणि पूर्वेला, तर त्याचा एलएनबी वर आणि पश्चिमेला. डिशसमोर, आकाशाकडे पाठ करून उभे राहिलात तर तो मधल्या एलएनबीच्या डावीकडे, आडव्या रेषेपासून सुमारे 30 अंश वर चढलेला दिसला पाहिजे. मध्यापासून मध्यापर्यंत अंतर 60 च्या डिशला 8 ते 9 सेंटीमीटर, 90 च्या डिशला 12 ते 14.

एलएनबी स्वतःभोवतीही फिरवावा लागतो. समोरून बघताना 83 च्या एलएनबीची केबल घड्याळातल्या सातच्या जागी, 93.5 ची सात आणि आठच्या मध्ये, अशी सुरुवात करा.

आधी फक्त 83 लावा. बॉक्सवर दोन पट्ट्या दिसतात: स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. एलएनबीला वीज पोचली की उपग्रह नसतानाही स्ट्रेंग्थ दिसते, तिच्यावर जाऊ नका. उंची 69 वर ठेवून डिश अगदी सावकाश फिरवा, बोटभर सरकवून दोन-तीन सेकंद थांबा, कारण बॉक्सला सिग्नल पकडायला वेळ लागतो. क्वालिटी जास्तीत जास्त झाली की बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. एकच बोल्ट पूर्ण आवळला की डिश सरकते. त्यानंतर डिशला हात लावायचा नाही. 93.5 साठी फक्त दुसरा एलएनबी हलवायचा. बॉक्सच्या मेन्यूत एलएनबी 9750/10600, फ्रिक्वेन्सी 11090, पोलरायझेशन व्हर्टिकल, सिम्बॉल रेट 29500 भरा. काहीच लागत नसेल तर आधी चढाचा कोन तपासा, अंतर नंतर.

कनेक्टर जोडताना बॉक्सचा प्लग काढलेला असावा. केबलमधून 13 किंवा 18 व्होल्ट जातात, केबलच्या बाहेरच्या जाळीची एक तार मधल्या तांब्याला चिकटली तरी शॉर्ट होते. डायसेक स्विच असेल तर पोर्ट एकला 83, दोनला 93.5 द्या आणि मेन्यूतही तेच निवडा. एकच उपग्रह लागतो आणि दुसऱ्यावर शून्य, ही तक्रार बहुधा इथलीच असते.

मृगाच्या आत सांधे बंद करा: कनेक्टरवर आपोआप चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळा, केबलला घरात शिरण्याआधी खाली झोल द्या म्हणजे पाणी तिथूनच गळेल. पावसाळ्यात धो धो सरीत चित्र जाणे हा कु-बँडचा (या डिशना सिग्नल येतो त्या लहरींचा) स्वभावच आहे, सर ओसरली की परत येते. सर थांबून तासाभरानेही आले नाही, तर कनेक्टर उघडा. आतले तांबे हिरवे-काळे पडले असेल, तर तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर लावा.