सबवूफर घुमतोय? आधी केबल काढा

गाणं बंद, तरी सबवूफर घुंऽऽ करतोय? आधी मागची आरसीए पिन (गाण्याचा सिग्नल आणणाऱ्या केबलची) उपटा. आवाज थांबला तर दोष केबलचा किंवा अर्थिंगचा. डबा उघडूच नका. नाही थांबला, आणि सेट ट्रान्सफॉर्मरवाला असेल, तर माझा पहिला संशय सप्लायच्या दोन जाड, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरवर. प्लग काढा, १०० ओम ५ वॉटचा रेझिस्टर पकडीने धरून प्रत्येक कपॅसिटरच्या दोन्ही पायांना टेकवा म्हणजे साठलेली वीज उतरते, मीटरवर शून्य व्होल्ट बघूनच हात घाला. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करायची मर्दुमकी मी एकदा केली, टोकच जळालं. कपॅसिटरचं डोकं फुगलेलं असेल तर दोन्ही बदला: मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, मायनसची पट्टी जुन्याच बाजूला. पहिल्यांदा सुरू करताना सिरीजला (मेन्सच्या एका वायरच्या मध्ये) ६० वॉटचा जुना तारेचा बल्ब हवाच. क्षणभर चमकून मंदावला तर ठीक. लख्ख राहिला तर आउटपुट आयसी (स्पीकर चालवणारी चिप) तपासा.