क्वांटमचं नंतर बघू, आधी वायरशार्क उघडा

नेटवर्क मॉनिटरिंगच्या कामामुळे माझ्याकडे या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलं सल्ल्याला येतात. हल्ली पहिला प्रश्न ठरलेला असतो: क्वांटम संगणक सगळं एन्क्रिप्शन फोडणार, मग आम्ही शिकायचं तरी काय?

सगळं नाही फुटणार. पीटर शोर यांचा १९९४ चा अल्गोरिदम आरएसए आणि इलिप्टिक कर्व्ह या सार्वजनिक किल्लीच्या पद्धतींच्या मुळावर येतो. एकाच गुप्त किल्लीने प्रत्यक्ष डेटा झाकणारं एईएस-२५६ टिकून राहतं. सुरुवातीला एवढं पुरे. घाई आहे ती आजचा डेटा साठवून पुढे फोडणाऱ्यांमुळे. म्हणूनच निस्ट या अमेरिकी मानकसंस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटमला पुरून उरणारी तीन मानकं जाहीर केली; त्यातलं एमएल-केईएम गुप्त किल्ली ठरवण्यासाठी आहे.

आमच्या कामात फरक पडला तो आकारामुळे. जुन्या, इलिप्टिक कर्व्हवरच्या एक्स२५५१९ ची सार्वजनिक किल्ली ३२ बाइटची, एमएल-केईएम-७६८ ची ११८४. सध्या दोन्ही जोडीने पाठवतात, कारण नव्या गणितावर अजून डोळे मिटून विश्वास नाही. आणि ते बरंच आहे; निस्टच्या निवडीत चौथ्या फेरीत पोचलेली साइक ही अशीच नवी पद्धत २०२२ मध्ये साध्या संगणकावर तासाभरात फुटली होती. पण या जोडीमुळे टीएलएसचा (वेब कनेक्शन सुरक्षित करणाऱ्या प्रोटोकॉलचा) क्लायंट हॅलो, म्हणजे क्लायंटचा पहिला संदेश, बहुधा १५०० बाइटच्या पॅकेटात मावत नाही, त्याचे दोन तुकडे होतात. फक्त पहिलं पॅकेट वाचून सर्व्हरचं नाव शोधणारा मॉनिटरिंगचा नियम मग गप्प बसतो, आणि इशारा न आल्याचा इशारा कुणी देत नाही! सुरिकाटा, झीक ही मॉनिटरिंगची साधनं टीसीपीचे तुकडे जोडून वाचतात, ते का, हे इथे कळतं.

घरी दोन व्हर्च्युअल मशीन घ्या, टीएलएसची लायब्ररी ओपनएसएसएल ३.५ टाका, मध्ये वायरशार्कने कॅप्चर लावा, म्हणजे जाणारी पॅकेटं नोंदवून बघा. सर्व्हरच्या उत्तरात, म्हणजे सर्व्हर हॅलोच्या की शेअरमध्ये, ४५८८ हा ग्रुप दिसला, की हायब्रिड, म्हणजे वरची जोडी, ठरली.

प्रोजेक्टला मात्र केडीडी ९९ हा हल्ले ओळखायला शिकवण्याचा जुना डेटासेट नको. १९९८ च्या कृत्रिम ट्रॅफिकवर, त्यातही ढीगभर पुनरावृत्ती असलेल्या नोंदींवर, ९९ टक्के अचूकता कुणालाही मिळते. दिवसाला दहा लाख निरुपद्रवी कनेक्शन असतील तर एक टक्का खोटे इशारे म्हणजे दहा हजार. रात्रपाळीत ते बघणार कोण? मुलाखतीत मी हेच विचारतो. उत्तरादाखल स्वतःचा कॅप्चर उघडून दाखवणारा उमेदवार मला प्रमाणपत्रांच्या फाइलपेक्षा जास्त आवडतो.