मानवी हक्कांची वकिली करायचीय? आधी रिमांड कोर्टात बसा

दरवर्षी शहाजी लॉ कॉलेजची नाहीतर विद्यापीठाच्या लॉ डिपार्टमेंटची एखाद-दोन पोरं-पोरी भेटतात आणि म्हणतात, मॅडम, आम्हाला ह्यूमन राइट्समध्ये काम करायचंय. मी विचारते नक्की काय करणार, तर उत्तर ठरलेलं असतं, पीआयएल, म्हणजे जनहित याचिका. सुप्रीम कोर्ट, मोठा विषय, पेपरात नाव. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकावं.

पहिली गोष्ट, कोल्हापुरात अशी पाटी लावून कोणी बसत नाही. बसलं तर पक्षकार फिरकणार नाही. इथं हे काम करणारा माणूस म्हणजे क्रिमिनल साइडचा साधा वकील, फक्त ज्याच्याकडं सातबारा नाही, ओळख नाही, अशा माणसाचा कागद तो वेळेत करतो. कागद आणि वेळ, हे दोनच. बाकी भाषणं करायला भरपूर लोक आहेत.

म्हणून आधी रिमांड, म्हणजे अटक झालेल्याला कोठडीसाठी मॅजिस्ट्रेटसमोर आणतात ते. अटकेपासून 24 तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं हे घटनेचं कलम 22 आपण सगळे पाठ करतो, पण रविवारी दुपारी सुट्टीच्या कोर्टात आरोपी आणतात तेव्हा तिथं वकील कोण असतो? मॅजिस्ट्रेट साहेब विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का, आणि तो पोरगा मागं उभ्या असलेल्या हवालदाराकडं बघून "नाही" म्हणतो. हे मी किती वेळा बघितलंय सांगता येणार नाही. तुमचं काम त्या प्रश्नाच्या आधीचं आहे. त्याच्याशी चार शब्द बोला, अंगावर वळ आहेत का बघा, असतील तर तिथंच अर्ज द्या, मेडिकल मागा, आणि रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, ते आलं का ते स्वतः वाचा. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. अटकेची कारणं लेखी दिलीत का हेही तिथंच विचारायचं, कारण सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये स्पष्ट केलंय की कारणं आरोपीला कळेल त्या भाषेत लेखी द्यायची, आणि अटकेच्या वेळी जमलं नसेल तरी रिमांडच्या किमान दोन तास आधी. पीसीआर (पोलीस कोठडी) संपून एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला की डायरीत 60 आणि 90 दिवसांची तारीख लिहून ठेवा, चार्जशीट आलं नाही तर डिफॉल्ट जामीन हा हक्क आहे, पण अर्ज मात्र चार्जशीट यायच्या आत पडायला पाहिजे. एक दिवस चुकला की गेलं.

आता जामीन. बाहेरच्यांना वाटतं जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला. कळंबा जेलला जाऊन बघा, जामीन होऊनही आत बसलेली माणसं भेटतील, कारण जामीनदार नाही. आपल्याकडं ऊसतोडीला बीडकडच्या टोळ्या येतात, त्यातल्या एखाद्यावर मारामारीची केस झाली तर त्याला इथला जामीनदार कोण देणार? कारखाना नाही, मुकादम तर नाहीच. 1978 च्या मोतीराम केसमध्ये हाच प्रश्न होता, मध्य प्रदेशातला एक गवंडी, त्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याच्या भावाचा जामीन भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला, न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी यावर चांगलंच सुनावलंय. तो निकाल मूळातून वाचा, गाईडमधून नको. आणि सुप्रीम कोर्टाचा 31 जानेवारी 2023 चा आदेशही जवळ ठेवा, जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं. कळवलं का, हे विचारणारा कोणी पाहिजे, म्हणजे तुम्ही. पहिल्यांदाच गुन्हा असलेला कच्चा कैदी कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला तर बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम 479 खाली सुटतो (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, आणि अंगावर एकापेक्षा जास्त केसेस असतील तरी अडचण).

ऊसतोडीचं निघालंच आहे तर थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्या जिल्ह्यात या कामाचा सगळ्यात दुर्लक्षित भाग हा आहे. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेलं जोडपं, म्हणजे एक कोयता, आजारी पडलं आणि गावी निघालं तर मुकादम अडवतो, कधी पोरालाच ठेवून घेतो. ठाण्यात गेलं की ठाणे अंमलदार म्हणतो, पैशाचा वाद आहे, दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा. पण उचलीच्या बदल्यात माणसाला काम सोडून जाऊ न देणं ही 1976 च्या कायद्यानं वेठबिगारीच आहे, आणि त्यात कर्ज आपोआप रद्द होतं. म्हणून नुसतं ठाण्यात भांडत न बसता प्रांत आणि कलेक्टरकडं अर्ज टाका, चौकशी मागा, मुक्तीचा दाखला मागा. तो दाखला मिळाला की पुनर्वसनाची तातडीची मदत खटल्याचा निकाल लागेपर्यंत थांबवता येत नाही. मिळतो का सहज? नाही. अर्जाची आवक शिक्क्याची पोहोच घ्या, पुढं हायकोर्टात तीच कामाला येते. आणि सीझन संपायच्या आत करा, टोळी गावी गेली की साक्षीदारही गेले.

हायकोर्टाचं म्हणाल तर आता मोठी सोय झालीय. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू आहे, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे. आधी हेबियसला (डांबलेल्या माणसाला कोर्टापुढं हजर करा अशी याचिका) सुद्धा महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री मुंबईला निघायचं, आणि बरोबर पोराची आई, तिच्या तिकिटाचे पैसे कोण देणार हा पहिला प्रश्न. नवीन पोरांनी ही संधी सोडू नका, पण ट्रायल कोर्ट न करता थेट बेंचला जाणाऱ्यांना मी तरी नको म्हणते, खाली रेकॉर्ड कसं तयार होतं ते माहीत नसलं तर वर युक्तिवाद कशावर करणार.

पैसे. वकिलीची सनद काढायला 750 रुपयांच्या वर घेता येत नाहीत, एससी-एसटीसाठी 125, हे सुप्रीम कोर्टानं जुलै 2024 ला ठरवून दिलंय. ज्युनिअरला शहरात 20 हजार, गावाकडं 15 हजार द्यावेत असं बार कौन्सिल ऑफ इंडियानं त्याच वर्षी सुचवलं, पण इथं तेवढे देणारे सिनियर मला अजून दिसायचेत. लीगल एडची फी मिळते पण उशिरा. म्हणून अपघाताचे क्लेम, फॅमिली मॅटर, काहीतरी दुसरं सुरू ठेवा, त्यात कमीपणा नाही. मानवी हक्कांचे वकील के. बालगोपाल आधी काकतीय विद्यापीठात गणित शिकवायचे, वकिली नंतर आली. न्यायमूर्ती व्ही. एम. तारकुंडे आपल्या सासवडचे, हायकोर्टाची जजशिप सोडून सुप्रीम कोर्टात वकिली केली. या कामाला एकच वाट नाही.

भीती वाटते का असं घरचे विचारतात. कॉम्रेड पानसरे वकीलच होते, कामगारांचे, 16 फेब्रुवारी 2015 ला याच गावात गोळ्या घातल्या, चार दिवसांनी गेले. वकील शाहिद आझमींना 2010 मध्ये कुर्ल्याच्या त्यांच्या ऑफिसातच मारलं. त्यामुळं काही होत नाही असं मी म्हणणार नाही. संवेदनशील केसमध्ये एकट्यानं वकीलपत्र घालू नका, दोन-तीन नावं टाका, धमकी आली तर त्याच दिवशी लेखी तक्रार द्या, आणि पक्षकाराचं नाव-गाव व्हॉट्सअॅप ग्रुपवर कधीच नको.

मानवी हक्क आयोगाकडं तक्रार करायला वकील लागत नाही, फी नाही, फक्त घटनेपासून एक वर्षाच्या आत करायची. तिथून फार अपेक्षा ठेवू नका, पण नोटीस गेली की ठाण्यातला सूर बदलतो एवढं खरं.

आत्ता दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असाल तर कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथं पीएलव्हीसाठी (पॅरालीगल व्हॉलंटिअर, म्हणजे विधी सेवेचा स्वयंसेवक) अर्ज द्या, लॉच्या विद्यार्थ्यांना घेतात. जेल व्हिजिटला जायला मिळालं तर वही घेऊन जा आणि प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारा, अटक कधी, वकील कोण, पुढची तारीख कधी. वकिलाचं नाव ज्याला सांगता येत नाही त्याच्यापासून सुरुवात करा.