अमेरिकेतील अठराव्या शतकातला पूर्वज कसा शोधावा

घरातील कागद, कौटुंबिक बायबल (ज्याच्या पानांवर घरातील जन्म-विवाह नोंदवत) आणि थडग्यांवरील मजकूर तुम्ही आधीच उतरवून घेतला आहे, असे गृहीत धरतो. १८५० च्या जनगणनेत प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव असल्याने तिथपर्यंत मागे जाणे फारसे अवघड नाही. गुलामगिरीतील माणसांना तो मानही मिळाला नाही. त्यांची नावे मालकांची मृत्युपत्रे आणि मालमत्तेच्या याद्या यांत शोधावी लागतात. १७९० ते १८४० च्या जनगणनांत मात्र केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव असून बाकीचे घर वयोगटांच्या रकान्यांतील आकड्यांत असते. काउंट्या (राज्याचे जिल्ह्यासारखे विभाग) वारंवार विभागल्या गेल्या, म्हणून दप्तर आजच्या नकाशाप्रमाणे न शोधता त्या वर्षीच्या काउंटीत शोधावे.

खरी कसोटी पुढे लागते: एकाच गावात, एकाच काळात, एकाच नावाचे दोन पुरुष. मलाही सर्वांत जास्त त्रास याच टप्प्याने दिला. संकेतस्थळांवरील तयार वंशवृक्ष येथे हमखास दोघांचा एक करतात आणि पुढचे शंभर जण तेच उतरवून घेतात. पुरावा न देणारा वंशवृक्ष मी उघडतही नाही. नावापुढील ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ यांवरून पितापुत्र ठरवू नयेत. त्या काळी गावातील थोरला आणि धाकटा एवढाच भेद त्यातून दाखवला जाई, मग ते काका-पुतणे असोत की परके. आणि थोरला वारला की कालचा ज्युनियर सीनियर होई.

यावर भरवशाचा उपाय जमिनीचाच. त्या नावाची सर्व खरेदीखते, कोणाची ते न ठरवता, तारखेनुसार एका यादीत लिहावीत. ती बहुतेक राज्यांत काउंटीकडे, तर कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड आणि व्हरमाँट येथे गावाच्या दप्तरी असतात. मग आपल्याकडे जसे सातबाऱ्यामागचे फेरफार लावतात, तसा प्रत्येक तुकडा कोणाकडून आला आणि कोणाकडे गेला हे जुळवावे. जमीन विकताना पत्नीने आपला हक्क सोडल्याची नोंद असल्यास तिचे नाव अवश्य टिपावे: १७६८ मध्ये हॅना, १७६९ मध्ये मेरी आणि १७७१ मध्ये पुन्हा हॅना असेल, तर बहुधा माणसे दोन आहेत. विक्री आहे पण खरेदी सापडत नाही, अशी जमीन अनेकदा वारशाने आलेली असते. तेव्हा आधीच्या मालकाचे मृत्युपत्र आणि वारसांची वाटणी काढावी. भावंडांनी एकत्र येऊन वडिलांची जमीन विकल्याचे खत मिळाले, तर मुलींच्या नवऱ्यांसह सारे कुटुंब एका कागदावर मिळू शकते. मृत्युपत्रात मुलाचे नाव नाही म्हणून तो मुलगाच नव्हे, असे मात्र म्हणू नये. त्याला वाटा आधीच देऊन टाकलेला असू शकतो.

इंग्रजी वसाहतींत १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून एप्रिल १७३१ मध्ये विवाह आणि ‘फेब्रुवारी १७३१’ मध्ये मुलाचा जन्म अशी नोंद दिसल्यास भुवया उंचावू नयेत: तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७३२ चा आहे.

पूर्वज स्वातंत्र्ययुद्धात लढला असल्यास अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील निवृत्तिवेतनाची फाईल पाहावी, विशेषतः विधवेने केलेला अर्ज. तिला विवाह सिद्ध करावा लागे, त्यामुळे काही फायलींत कौटुंबिक बायबलातून फाडलेली जन्मनोंदींची पानेच जोडलेली आहेत.