ऑफिसातल्या फायलींचं रात्रीचं सिंक: आधी हक्क, मग वेळापत्रक

विंडोज प्रोचे दोन संगणक, डोमेन (सगळी खाती एकाच सर्व्हरवरून सांभाळणारी व्यवस्था) नाही, पाच-सात माणसं. सीएच्या छोट्या ऑफिसात बहुधा हीच मांडणी असते. मुख्य संगणकावरचं फोल्डर रोज रात्री दुसऱ्यावर उतरवायला विंडोजमधलेच रोबोकॉपी (फायली कॉपी करणारी कमांड) आणि टास्क शेड्युलर (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारं साधन) पुरतात.

हक्क एकेका माणसाला देत बसू नका. कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये दोन ग्रुप करा: वाचणाऱ्यांचा आणि बदल करणाऱ्यांचा. फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये पहिल्याला ‘रीड’, दुसऱ्याला ‘मॉडिफाय’ द्या. ‘फुल कंट्रोल’ मिळालेला माणूस इतरांचे हक्कही बदलू शकतो, म्हणून ते मालकापुरतंच. शेअरचे, म्हणजे नेटवर्कवरून इतरांना खुल्या केलेल्या फोल्डरचे, हक्क वेगळे असतात. दोन्हींतला कडक असेल तो लागू होतो. नव्या शेअरवर ‘एव्हरीवन’ला बहुधा फक्त ‘रीड’ असतं, त्यामुळे मॉडिफाय देऊनही फाइल सेव्ह होत नाही. तिथे ‘चेंज’ द्या. ग्रुपात नवं नाव घातलं की त्या माणसाने साइन आउट करून परत आत यायचं.

फायली उडू नयेत म्हणून डिलीटचा हक्क काढून घ्यावासा वाटेल. काढू नका. वर्ड-एक्सेल सेव्ह करताना तात्पुरती फाइल बनवून जुनी हटवतात. हक्क नसला की सेव्हच अडतं.

सिंकसाठी वेगळं खातं उघडा, दोन्ही संगणकांवर त्याच नावाचं आणि त्याच पासवर्डचं. त्याला मूळ फोल्डरवर ‘रीड’ आणि प्रतीवर ‘मॉडिफाय’ पुरे. ‘पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स’वर खूण करा, नाहीतर विंडोजच्या ठरावीक ४२ दिवसांच्या मुदतीनंतर टास्क गुपचूप बंद पडतं. लोकल सिक्युरिटी पॉलिसीत ‘लॉग ऑन अ‍ॅज अ बॅच जॉब’मध्येही (कुणी समोर नसताना काम चालवायची परवानगी) त्याचं नाव हवं.

टास्कमध्ये ‘यूजर लॉग ऑन असो वा नसो’ हा पर्याय निवडा, पण ‘पासवर्ड साठवू नका’वर खूण नको, तसं केलं तर नेटवर्क मिळत नाही. झेड ड्राइव्हसारखं मॅप केलेलं अक्षरही इथे दिसत नाही, शेअरचा पूर्ण पत्ताच लिहा.

रोबोकॉपीला पुन्हा प्रयत्न ३ आणि थांबा १० सेकंद असं बजावा. मूळ सेटिंग १० लाख प्रयत्न आणि दर वेळी ३० सेकंद असं आहे, त्यामुळे एखादी फाइल दुसऱ्या प्रोग्रामने अडवून ठेवली असेल तर सकाळपर्यंत गाडी तिथेच अडते. रोबोकॉपीचा एमआयआर (/MIR) पर्याय मूळ फोल्डरमध्ये पुसलेलं प्रतीतूनही पुसतो. म्हणून बॅकअप वेगळा ठेवा, आणि पहिल्यांदा एल (/L) पर्याय लावून काय पुसलं जाणार ते नुसतं पाहा.

टास्क शेड्युलरच्या ‘लास्ट रन रिझल्ट’मध्ये, म्हणजे शेवटच्या निकालात, १ दिसला तर घाबरू नका, फायली कॉपी झाल्या एवढाच त्याचा अर्थ. ८ किंवा जास्त आला तरच रोबोकॉपीचा लॉग (कामाची नोंद) उघडा.