आधीचं सिझर असेल तर विचारा, वार कुठे आहे

माझ्या धाकट्या जावेची गर्भपिशवी मागच्या वर्षी बाळंतपणातच काढावी लागली, तिसरं सिझर होतं. आज ती आणि बाळ दोघंही आमच्या राजेंद्र नगरच्या घरात सुखरूप आहेत, कारण पिशवी काढावी लागू शकते हे आम्हाला आधीपासून माहीत होतं आणि आम्ही तयारीत होतो. म्हणून इंदूरच्या आपल्या घरांमधल्या सासवा, जावा, नणंदा, नवरे सगळ्यांसाठी लिहितेय.

पिशवी काढतात ती रक्त थांबत नाही म्हणून, बाईचा जीव वाचवायला. दिवस भरत आले की पिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त जात असतं, त्यामुळे विचार करायला वेळच नसतो. कधी पिशवी ढिली पडते, आकसतच नाही (जुळी, मोठं बाळ, खूप लांबलेल्या कळा यात जास्त), कधी सिझरचा जुना टाका फाटतो, आणि कधी वार (बाळाला नाळेतून पोषण देणारा भाग, प्लासेंटा) जुन्या टाक्याच्या जागी रुतून बसते, सुटतच नाही. हे शेवटचं आधी कळू शकतं, त्यामुळे त्यावरच जास्त लिहिते.

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीला आपण बाळाचे ठोके आणि वजन विचारतो. आधी सिझर झालं असेल तर पहिला प्रश्न हा विचारा, वार कुठे आहे, टाक्यावर आहे का? रिपोर्टमध्ये लो लाईंग (वार खाली) किंवा प्लासेंटा प्रिव्हिया (वार पिशवीच्या तोंडावर) लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, बऱ्याच जणींची वार पुढे वर सरकते, पण ३२ आठवड्यांच्या आसपास परत सोनोग्राफी करायचीच. २००६ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात वार तोंडावर आणि आधी एक सिझर असं असलेल्या शंभरात ११ जणींची वार रुतलेली निघाली, दोन सिझर असतील तर ४०, तीन असतील तर ६१. जावेची दोन होती. पिशवीतली गाठ काढलेली असेल, क्युरेटिंग (पिशवी आतून साफ करणं) झालं असेल तर तेही सांगा, लाजून लपवू नका, आणि जुनं डिस्चार्ज कार्ड फाईलमध्ये लावून ठेवा.

मग हॉस्पिटल ठरवताना थेट विचारा, रात्री दोनला रक्त लागलं तर किती मिनिटांत मिळेल? ब्लड बँक, आयसीयू, बाळासाठी एनआयसीयू आणि लघवीच्या पिशवीचं ऑपरेशन करणारा सर्जन बोलावता येईल अशी जागा हवी, घराजवळचं नर्सिंग होम कितीही ओळखीचं असलं तरी. वार रुतलेली पक्की असेल तर बहुतेक ३४ ते ३६ आठवड्यांतच ठरवून सिझर करतात, बाळ काढतात आणि वार न ओढता पिशवीसकट काढतात. खर्चाची अडचण असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची फुकट तपासणी असते, तिथे हेच प्रश्न विचारा.

रक्ताचं आधीच बघा. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर आत्तापासून गोळ्या, गरज पडली तर आयर्नचं सलाईन. निगेटिव्ह ग्रुप असेल तर नावं आणि नंबर लिहून ठेवा, भाऊजींनी ते फ्रिजवर चिकटवले होते आणि त्या दिवशी चार पोरं एका फोनवर आली. दिलेलं रक्त तपासायला वेळ लागतो, म्हणून डोनर ऑपरेशनच्या आधीच नेऊन आणायचे.

आणि सहीचं. जावेने स्वतः शांतपणे डॉक्टरांना सांगितलं होतं, लागली तर पिशवी काढा, माझ्या दोन लेकरांना आई हवीये. सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते, घरच्यांनी दारात उभं राहून चर्चा करत बसू नये.

शेवटच्या महिन्यांत दुखत नसताना अचानक रक्त गेलं तर १०८ लावा आणि पोचल्यावर सांगा की वार खाली आहे, सोनोग्राफी बघितल्याशिवाय आतून तपासू नका. जुना टाका असताना कळा वाढवायचं इंजेक्शन घरी कोणाकडूनही घेऊ नका.

घरी आल्यावर कोणी बाईपण गेलं वगैरे म्हणालं तर तिथेच थांबवा. पाळी येणार नाही, परत दिवस राहणार नाहीत, पण बीजकोष सहसा तसेच ठेवतात, हार्मोन्स चालू राहतात. आमची पंधरा दिवस रात्री रडायची, मी बाळ घेऊन नुसती शेजारी बसायचे. खूप रक्त गेलेल्या बाईला दूध आलंच नाही, सारखा थकवा, चक्कर असेल तर अशक्तपणा म्हणून सोडू नका, डॉक्टरांना नक्की सांगा, कधीकधी मेंदूतल्या एका ग्रंथीला रक्त कमी पडल्याने तसं होतं आणि त्यावर औषध असतं.