ट्रॅकवर जाण्याआधी गाडीचे ब्रेक : आधी तेल, मग पॅड, मग बाकीचे

पसरणीचा किंवा आंबोलीचा घाट उतरताना पुढच्या गाडीच्या चाकांतून येणारा करपट वास आपल्यापैकी अनेकांनी घेतलेला असतो. गिअर खाली न टाकता नुसत्या ब्रेकवर गाडी उतरवली की ब्रेकचे पॅड आणि (ते जिच्यावर दाबले जातात ती, चाकाबरोबर फिरणारी) डिस्क तापत जातात आणि तो वास सुटतो. रेस ट्रॅकवर पहिल्यांदाच स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्याने हा वास लक्षात ठेवावा, कारण तिथे ही अवस्था दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच येते आणि तेव्हा गाडी आपल्या सर्वाधिक वेगाच्या जवळपास असते.

या लेखात उदाहरण म्हणून मी २०२२ पर्यंत चाकणच्या कारखान्यात तयार होत असलेली फोक्सवॅगन पोलो धरली आहे : पुढे हवेशीर डिस्क, मागे ड्रम, एका पिस्टनचे सरकते कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारी पकड). स्विफ्ट किंवा आय-ट्वेंटीच्या मालकालाही यातले बहुतेक सगळे लागू पडेल. कोइंबतूरचा कारी, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई किंवा ग्रेटर नोएडाचा बुद्ध, यांपैकी कोणत्याही ट्रॅकवर जायचे तर पुण्या-मुंबईच्या माणसाला हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते आणि बहुतेक जण त्याच गाडीने परतही येतात. म्हणून इथली सगळी तयारी, दिवसभर ट्रॅकवर धावून संध्याकाळी महामार्गावरही भरवशाने थांबेल अशा गाडीसाठी आहे.

सुरुवातीला थोडे गणित पाहू, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर उभा आहे. चालकासह १,२०० किलो वजनाची गाडी ताशी १६० किलोमीटरवरून ६० वर आणायची असेल, तर सुमारे दहा लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकना उष्णतेच्या रूपात सामावून घ्यावी लागते. एवढ्या उष्णतेत तीन लिटर गार पाणी उकळीला येईल. ताशी १०० वरून पूर्ण थांबताना याच्या निम्म्याहूनही कमी ऊर्जा लागते. ब्रेक दाबताच वजन पुढे झुकते, त्यामुळे यातला साधारण तीन चतुर्थांश भार पुढच्या दोन डिस्कवर येतो आणि प्रत्येकी ५ किलोच्या आसपास वजन असलेल्या त्या डिस्कचे तापमान एकाच दाबात सुमारे १५० अंशांनी वाढते. रस्त्यावर पुढचा ब्रेक लागेपर्यंत ती निवते. ट्रॅकवर पुढचे वळण काही सेकंदांतच समोर येते आणि आधीची उष्णता उतरण्यापूर्वीच तिच्यावर नवी चढते.

ही उष्णता ब्रेकना दोन वेगवेगळ्या प्रकारे निकामी करते आणि हा फरक प्रत्येक चालकाला पायाने ओळखता आला पाहिजे. पेडल घट्ट आहे, पाय नेहमीइतकाच जोर लावतो आहे, पण गाडी थांबत नाही, असे झाले तर पॅड त्यांच्या मर्यादेपलीकडे तापले आहेत. त्यांतल्या बंधक द्रव्यातून निघणारे वायू पॅड आणि डिस्क यांच्या मध्ये येतात आणि पकड जाते. याउलट पेडल मऊ पडून खाली जाऊ लागले, तर ब्रेक ऑइल, म्हणजे पायाचा दाब चाकांपर्यंत नेणारे तेल, उकळले आहे. द्रव दाबला जात नाही, पण त्यात तयार झालेली वाफ दाबली जाते, त्यामुळे पायाचा सगळा जोर ती वाफ दाबण्यातच संपतो. पहिल्या प्रकारात थोडाफार ब्रेक शिल्लक राहतो, दुसऱ्यात काहीच न उरण्याची शक्यता असते. म्हणूनच पैसे मोजके असतील तर ते आधी तेलावर खर्च करावेत, असे माझे ठाम मत आहे.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ४ दर्जाच्या नव्या तेलाचा उत्कलनांक किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळले की किमान अपेक्षा १५५ अंशांवर येते. मुंबईत किंवा कोकणात दोन-तीन पावसाळे काढलेल्या गाडीतले तेल या दुसऱ्या आकड्याकडे सरकलेले असणार, असे धरूनच चालावे. रंग पाहून तेलाचा अंदाज बांधू नये, कारण पाणी शोषलेले तेलही स्वच्छ दिसू शकते. माझ्या पहिल्या ट्रॅक दिवशी चौथ्या फेरीत पेडल अर्ध्याहून खाली गेले आणि मी गाडी वळणाबाहेरच्या मोकळ्या जागेत कशीबशी थांबवली. महिनाभरापूर्वी सर्व्हिसिंगच्या बिलात ‘ब्रेक ऑइल बदलले’ अशी नोंद होती, पण चाकांवरचे निपल (ब्रेकमधले तेल बाहेर काढण्याचे छोटे स्क्रू) उघडले तेव्हा त्यांच्या आट्यांवर जुना गंज तसाच होता. बदलले होते ते फक्त बॉनेटखालच्या, तेल साठवण्याच्या डबीतले तेल. कॅलिपरमधले, म्हणजे जिथे उष्णता पोहोचते तिथले तेल वर्षानुवर्षे तेच होते.

म्हणून हे काम स्वतः करावे किंवा समोर उभे राहून करून घ्यावे. पोलोसारख्या गाडीला साधे डॉट ५.१ तेलही पहिल्या एक-दोन दिवसांसाठी चालते. त्याचे किमान आकडे २६० आणि १८० अंश आहेत. मोतुल आरबीएफ ६०० सारख्या रेसिंग तेलाचा कोरडा (म्हणजे पाणी न मिसळलेल्या नव्या तेलाचा) उत्कलनांक ३१२ अंश आहे आणि ट्रॅकसाठी मी त्याच जातीचे तेल सुचवेन. डॉट ५ मात्र कधीही घेऊ नये. नाव सारखे वाटले तरी ते सिलिकॉनचे असते आणि आपल्या गाड्यांतल्या तेलाशी जुळत नाही. डबा सीलबंदच घ्यावा आणि फोडल्यानंतर उरलेले तेल पुढच्या वेळेसाठी राखून ठेवू नये.

ब्रेकच्या तेलातली हवा काढताना, म्हणजे ब्लीडिंग करताना, गाडी घोड्यांवर (वजन पेलणाऱ्या लोखंडी तिवयांवर) नीट टेकवावी. नुसत्या जॅकवर ठेवून चाकाशेजारी बसू नये. उजव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या गाडीत सहसा मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे चाक असा क्रम असतो, पण काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, तेव्हा आपल्या गाडीची पुस्तिका पाहावी. एकाने पेडल सावकाश दाबून धरावे, दुसऱ्याने निपल उघडावा, तेल बाहेर पडू द्यावे, निपल बंद करावा आणि त्यानंतरच पहिल्याने पाय उचलावा. हा शेवटचा क्रम चुकला तर हवा पुन्हा आत ओढली जाते. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा, कारण मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या जोराने तेलावर दाब आणणाऱ्या नळकांड्याच्या) ज्या भागात एरवी पिस्टन पोहोचत नाही तिथे गंज साचलेला असतो आणि पेडल तळापर्यंत दाबले तर त्यावर रबरी सील फाटतात. डबीतली पातळी खालच्या खुणेच्या वर सतत राखावी. ती रिकामी झाली तर हवा एबीएसच्या (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटपर्यंत जाऊ शकते आणि मग स्कॅनर जोडल्याशिवाय ती निघत नाही. तेल रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे. शेवटी इंजिन बंद ठेवून पेडल अर्धा मिनिट घट्ट दाबून धरावे. ते हळूहळू खाली बसत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर गेला आहे, आणि अशी गाडी ट्रॅकवर नेऊच नये.

आता पॅड. कंपनीचे मूळ पॅड थंड असतानाही लगेच पकडतात, आवाज करत नाहीत आणि कमी धूळ सोडतात; ट्रॅकच्या तापमानाला टिकून राहणे हा त्यांच्या घडणीचा हेतूच नसतो. पूर्ण रेसिंगचे पॅड त्याच्या अगदी उलट असतात. ते तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत, म्हणून सकाळी सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडताना आणि परतीच्या महामार्गावर ते धोक्याचे ठरतात. आपल्या गरजेला मधल्या दर्जाचे, रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी बनवलेले पॅड योग्य. दिवसाची सुरुवात किमान अर्धी जाडी शिल्लक असलेल्या पॅडने करावी; यामागे झीज हे एकच कारण नाही. पॅडचा थर उष्णतेला अडवून धरतो, आणि तो पातळ झाला की उष्णता मागच्या पत्र्यातून पिस्टनला आणि तिथून तेलाला मिळते.

नवे पॅड बसवले की ते रुळवावे लागतात. पॅडच्या द्रव्याचा एकसारखा पातळ थर डिस्कवर चढावा, यासाठी ताशी ८० वरून ३० वर असे आठ-दहा वेळा, मध्ये पूर्ण न थांबता, क्रमाक्रमाने जोर वाढवत ब्रेक लावावेत आणि मग दहा मिनिटे ब्रेक शक्यतो न वापरता गाडी चालवून ते निववावेत. पॅडच्या उत्पादकाने वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळावी. आपल्या रस्त्यांवर मागून येणाऱ्या वाहनाला हा प्रकार कळत नाही, त्यामुळे पहाटेचा रिकामा रस्ता किंवा ट्रॅकवरचे पहिले सत्र यासाठी वापरावे. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभे राहिले तर थर एकाच जागी जाड बसतो आणि पुढे ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरते. अनेकदा लोक याला डिस्क वाकली असे समजून नवी डिस्क विकत घेतात.

डिस्कबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. तिच्या जवळ पोहोचलेली डिस्क बदलावी, कारण लोखंड जितके कमी तितकी ती लवकर तापते. पृष्ठभागावरच्या, नखाला न लागणाऱ्या बारीक रेषा चालतात, पण काठापर्यंत गेलेली भेग चालत नाही. भोके पाडलेल्या डिस्क दिसायला आकर्षक असतात, तरी ट्रॅकच्या उष्णतेत त्या भोकांपासूनच भेगा सुरू होतात, म्हणून चांगल्या प्रतीची साधी डिस्कच घ्यावी.

कॅलिपरच्या गाईड पिना हा मात्र सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, विशेषतः समुद्राजवळ राहणाऱ्या गाड्यांत. सरकता कॅलिपर या पिनांवर मोकळा हलला तरच दोन्ही पॅड सारख्या जोराने दाबले जातात. पिन अडकली की एक पॅड तिरका झिजतो, दाब सोडल्यावरही डिस्कला घासत राहतो आणि ते चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापते. पिना बाहेर काढून पुसाव्यात, गंज असेल तर बदलाव्यात आणि ब्रेकसाठी बनवलेले उच्च तापमानाचे ग्रीसच लावावे; साध्या ग्रीसने रबर फुगते. पिस्टनवरचे रबरी आवरण फाटलेले नाही ना आणि ब्रेकच्या नळ्यांवर तडे नाहीत ना, हेही त्याच बैठकीत पाहून घ्यावे. स्टीलच्या जाळीच्या नळ्यांनी पेडल अधिक घट्ट लागते, पण मूळ नळ्या चांगल्या असतील तर तो खर्च पुढच्या वर्षी केला तरी चालेल. मागचे ड्रम उघडून धूळ काढावी, लाइनरची (ड्रमला आतून घासणाऱ्या थराची) जाडी पाहावी आणि चाकाच्या सिलिंडरमधून ओल येत नाही याची खात्री करावी.

ट्रॅकवर पोहोचल्यावर चाकांचे नट टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्याला आवळावेत आणि प्रत्येक सत्रानंतर, चाके निवल्यावर, पुन्हा तपासावेत. पहिली फेरी सौम्य ठेवावी, मग तीन-चार फेऱ्या वेगात आणि त्यानंतर एक पूर्ण फेरी ब्रेक शक्यतो न वापरता. ब्रेक जोरात आणि थोडा वेळ लावावा. हलका पाय लांबवर ठेवून घासत नेण्याची सवय घाटातलीच, आणि तिने पॅडला निवायला उसंत मिळत नाही. बुद्धच्या एक किलोमीटरहून लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी हे नवख्यांना जमत नाही, म्हणून ब्रेकची जागा सुरुवातीला लवकर धरावी आणि मगच पुढे सरकवावी. पेडलचा प्रवास बोटभरही वाढलेला जाणवला, तर ती फेरी सावकाश संपवून बाहेर यावे. पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करण्याच्या जागेत, हँडब्रेक लावू नये. गाडी सपाट जागी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना अडणी लावावी.

संध्याकाळी निघण्यापूर्वी पॅडची जाडी मोजावी आणि ती ३ मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर सोबत आणलेले मूळ पॅड तिथेच बसवावेत, म्हणूनच ते डिकीत असणे आवश्यक आहे. तेल एकदाही उकळले असेल, तर रात्रीच्या प्रवासाआधी पुढच्या दोन्ही चाकांच्या ब्रेकमधली हवा पुन्हा काढावी, आणि घरी पोहोचल्यावर आठवडाभरात चारही चाकांवर ताजे तेल भरावे.